गल्ल्यातली चिल्लर आणि बँकेतून आणलेली नाणी चाळताना नक्की काय बघायचं?

दुकानवाली_कराड

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. कराडला आमचं किराणा दुकान आहे, सासऱ्यांच्या काळापासूनचं, त्यामुळे दिवसभर चिल्लर हातातून जातच असते आणि रात्री गल्ला मोजायचं काम माझ्याकडे. मोजता मोजता आता नाणी नीट बघायची सवय लागलीये, वेगळं काही दिसलं की ते एका बरणीत टाकते आणि तेवढेच पैसे माझ्या पर्समधून गल्ल्यात ठेवते म्हणजे हिशोब बरोबर राहतो. बरणीत आता रेल्वेच्या हत्तीचे दोन रुपये आहेत, शिवाजी महाराजांचे दोन रुपये आहेत, ज्ञानेश्वर माऊलींचा एक रुपया आहे, लोकमान्य टिळकांचे पाच, तात्या टोपेंचे दहा, असं बरंच काही.

आता शंका. परवा ओएनजीसीची पाच रुपयांची दोन नाणी एकाच दिवशी आली. दोन्हींवर १९५६-२००६ असंच लिहिलंय, चित्र तेच, पण एक चांगलं जाड आणि जड आहे, दुसरं पातळ आणि हलकं. काउंटरवर टाकलं तर आवाजही वेगळा येतो. पातळ नाणं फ्रीजवरच्या चुंबकाला पटकन चिकटलं, जाड अजिबात चिकटलं नाही. यातलं एक खोटं आहे का?

दुसरं म्हणजे सालाखाली कुठे चांदणी असते, कुठे टिंब, कुठे काहीच नाही, त्याचं काय? तिसरं, आम्ही बँकेतून सुट्टे आणतो, तर शोधण्यासाठी म्हणून जास्तीची नाणी मागता येतात का आणि कशी मागायची? आणि शेवटचं, आमच्या पुतण्याने एक व्हिडिओ दाखवला की वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखाला जातं, माझ्याकडे तशी चार आहेत, घरात सगळे त्याच्यावरच बोलतायत. खरं काय ते कोणीतरी नीट सांगा, मला हे मनापासून शिकायचंय.

---

खणखणीत_पुणे

ताई, स्वागत आहे, आणि प्रश्न इतका नीट मांडलाय की वाचूनच बरं वाटलं. चुंबक लावून बघितलंत, आवाज ऐकलात, जाडी बघितलीत, निम्म्याहून जास्त काम तुम्ही स्वतःच केलंय.

दोन्ही नाणी खरी आहेत. ओएनजीसीच्या पन्नाशीची पाच रुपयांची नाणी दोन धातूंत निघाली. जाड आहे ते क्युप्रोनिकेलचं, म्हणजे तांबं आणि निकेल, ९ ग्रॅमचं, चुंबकाला चिकटत नाही. पातळ आहे ते स्टेनलेस स्टीलचं, साधारण ६ ग्रॅम, ते चिकटतं. हे व्हायचं कारण असं की १९९२ पासून पाच रुपयांचं नाणं जाडजूड क्युप्रोनिकेलचं यायचं, कडेला मधोमध खाच आणि त्या खाचेत नक्षी, आठवत असेल. मग धातूच महाग झाला, नाण्यात पाच रुपयांपेक्षा जास्तीचा धातू आहे म्हटल्यावर लोक ती वितळवायला लागले, दाढीच्या ब्लेडसाठी ती सीमेपलीकडे नेतात अशा बातम्या तेव्हा पेपरात यायच्या. म्हणून सरकारने आधी स्टील आणलं आणि २००९ पासून पिवळसर निकेल-ब्रास. २००६ हे बरोबर त्या बदलाच्या मधलं साल, त्यामुळे काही स्मारक नाणी दोन्ही धातूंत सापडतात. केरळचे समाजसुधारक नारायण गुरू यांचं २००६ चं पाच रुपयांचं नाणंही तसंच आहे, केरळचे ड्रायव्हर हायवेला थांबत असतील तर तुमच्याकडे येईलच कधीतरी. दोन्ही ठेवा, जोडी म्हणूनच ठेवा, माझ्या मते अशी जोडी स्वतःच्या गल्ल्यात सापडणं हा या छंदातला खरा आनंद आहे, कारण कॅटलॉगमध्ये वाचलेली गोष्ट तुम्ही हाताने ओळखलीत.

आता सालाखालची खूण. ती टाकसाळीची खूण. आपल्याकडे चार टाकसाळी आहेत. मुंबई म्हणजे चौकट, पत्त्यातल्या चौकटसारखी छोटी. हैदराबाद म्हणजे पाच टोकांची चांदणी. नोएडा म्हणजे गोल भरीव टिंब. काहीच नसेल तर कोलकाता. जुन्या काही नाण्यांवर मुंबईसाठी इंग्रजी बी असतो, आणि एम असेल तर ते मुंबईचं प्रूफ, म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेलं, ते गल्ल्यात सहसा येत नाही. झिजलेल्या नाण्यावर चौकट आणि टिंब यात गल्लत होते, तेव्हा नुसत्या डोळ्याने ठरवू नका, घड्याळजी वापरतात तसलं दहा पट भिंग घ्या, स्वस्तात मिळतं. नाणं खिडकीपाशी तिरपं धरलं की चौकटीची टोकं दिसतात, टिंबाला टोकं नसतात.

एकच नाणं, एकच साल, पण चार टाकसाळी म्हणजे चार वेगळी नाणी असं आम्ही धरतो. कुठल्या सालात कुठल्या टाकसाळीने भरपूर पाडली आणि कुठल्या टाकसाळीने थोडीच, यावर सगळं अवलंबून, म्हणून साल आणि खूण दोन्ही वहीत लिहायची सवय लावा. नुसतं टिळकांचे पाच असं लिहून उपयोग नाही.

यात अजून एक मजा आहे. चारही टाकसाळींना मागणी पुरवता येईना तेव्हा सरकारने परदेशातूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या एक रुपयावर सालाखाली इंग्रजी एच दिसला तर तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाडलेला. कॅनडाचा सी, मेक्सिकोचा एम आणि त्यावर छोटा ओ अशाही खुणा आहेत. जुन्या डब्यात एच सापडला की मला अजून नोंद करावीशी वाटते.

---

निवृत्त_कॅशियर_सातारा

बँकेचा प्रश्न माझ्या वाट्याचा, सगळी नोकरी कॅश काउंटरवर गेली.

पहिली गोष्ट, तुमचं दुकान आहे हे फार मोठं भांडवल आहे. बाकीचे छंदवाले बँकेतून नाणी घेतात, चाळतात आणि परत भरायला येतात, मग कॅशियर वैतागतो कारण तेवढीच नाणी पुन्हा मोजायची. तुम्हाला सुट्टे खरंच लागतात. तुम्ही घेतलेली नाणी चाळून झाली की गिऱ्हाइकाला मोड म्हणून निघून जातात, बँकेत परत येतच नाहीत. आज बहुतेक शाखांना नाणी ठेवायला जागा नाही, त्यामुळे नाणी न्यायला येणारा माणूस त्यांना हवाच असतो. हे सरळ सांगायचं, साहेब दुकानासाठी पाचची आणि दोनची नाणी पाहिजेत, वापरलेली चालतील, आणि छंद आहे तेही सांगून टाकायचं, लपवण्यासारखं काही नाही.

कधी जायचं तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची गर्दी असते तेव्हा नको, सोमवारी सकाळी नको, आदल्या दिवशी सुट्टी असेल तर नको. दुपारी गर्दी ओसरली की जा, आणि दर वेळी त्याच शाखेत त्याच काउंटरला जा. ओळख झाली की दानपेटीची किंवा कुठल्या संस्थेची जुनी चिल्लर आली की तेच सांगतात, ताई तुमच्यासाठी ठेवलंय म्हणून.

दुसरी गोष्ट समजून घ्या की बँकेत नाणी दोन वाटांनी येतात. एक वाट टाकसाळीकडून, रिझर्व्ह बँक आणि करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा साठा ठेवणाऱ्या ठराविक बँक शाखा, यांच्यामार्फत, कोरी करकरीत. दुसरी वाट गिऱ्हाइकांकडून, म्हणजे देवस्थानं, पेट्रोल पंप, दूधवाले, टपऱ्या. कोऱ्या पिशवीत सगळी नाणी एका प्रकारची, एका टाकसाळीची, त्यात स्मारक नाणं शोधण्यात अर्थ नाही पण चकाकी शाबूत असलेलं नाणं किंवा पाडतानाच चुकलेलं नाणं तिथेच मिळायची शक्यता. वापरलेल्या चिल्लरीत साल आणि प्रकार पंचवीस तऱ्हांचे, तुमची हत्ती, ज्ञानेश्वर, टिळक ती सगळी तिथली. नवख्या माणसाने वापरलेलीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, हाताला ओळख होते.

भरणा करायचा असेल तर नाणी शंभर शंभरच्या प्लास्टिक पिशव्यांत बांधून न्या, रिझर्व्ह बँकेचीच तशी सूचना आहे की शंभरच्या पाकिटात आणलेली दोघांनाही सोयीची, आणि एक-दोन रुपयांची तर वजनावर घेतली तरी चालतं. बँक नाणी भरून घ्यायला नाही म्हणू शकत नाही आणि खात्यात किती भरायची यावर मर्यादा नाही. हजाराची मर्यादा वेगळी, ती एकमेकांना देताना लागू, म्हणजे नाणे कायदा २०११ प्रमाणे एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतच घेण्याची सक्ती, आणि पन्नास पैशांत दहा रुपयांपर्यंत.

वजनावरून आठवलं, दुकानात वजनाने मोजत असाल तर जपून. १९९२ पासून आलेला स्टीलचा एक रुपया आणि २०११ पासूनचे दोन रुपये, दोन्ही २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचे आहेत. तराजूला काही कळत नाही, बोटालाही कळत नाही. आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही की आधी याच दोघांची पिशवी उलटी करायचो.

---

दुकानवाली_कराड

काका किती छान सांगितलंत, आणि दादा तुम्हीही. एक-दोनची गल्लत आमच्याकडे रोजची आहे, मला वाटायचं घाईत होतं, आता कळलं की नाणीच सारखी आहेत. आज बसून बरणीतल्या सगळ्यांच्या खुणा बघितल्या, पाचात नोएडाची टिंबं बरीच निघाली, महाराजांच्या दोन रुपयांवर साल १९९९ आहे. शेजारच्या घड्याळवाल्यांकडून भिंग आणलं, त्यांनी दाखवलं कसं धरायचं ते.

आणखी एक विचारू का, सासूबाईंनी एक डालड्याचा डबा काढून दिलाय, त्यात गेंड्याचे पंचवीस पैसे, कमळाचे वीस पैसे, आणि नया पैसा लिहिलेली बारकी बारकी नाणी आहेत. ही बँक घेते का?

---

खणखणीत_पुणे

पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, आता बँक घेणार नाही. पन्नास पैसे मात्र आजही चलनात आहेत, दुकानदार घेत नाहीत तो भाग निराळा. त्या डब्यातलं काही कोणाला वजनावर देऊ नका. नया पैसा लिहिलेली नाणी १९५७ मध्ये दशमान पद्धत आली तेव्हापासूनची, १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नया पैशांचा झाला, आणि पुढे १९६४ मध्ये नया शब्द गेला, नुसता पैसा उरला. पितळी कमळाचे वीस पैसे १९६८ ते १९७१ मधले, ते छान पिवळे असतात, हातात घेऊन बघा. गेंडा १९८८ पासूनचा. सासूबाईंना विचारा, त्यातल्या वीस पैशात त्यांना काय काय मिळायचं ते त्या सांगतील.

एक विनंती, कितीही काळं पडलेलं असलं तरी चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतो, वरचा जुना थर गेला की किंमतही गेली आणि तो पुन्हा येत नाही. फारच धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून सुती कपड्यावर टिपून घ्या, रगडू नका. आणि नाणं नेहमी कडेला धरायचं, तोंडावर बोट नाही.

---

चुकलेलं_नाणं_कोल्हापूर

मी फक्त चुकीची नाणी जमवतो म्हणून थोडं त्यावर. कोऱ्या पिशव्या कशासाठी घ्याव्यात ते काकांनी सांगितलंच.

सगळ्यात सोपी तपासणी, मोजता मोजता होते. नाणं अंगठा आणि तर्जनीत वर-खाली धरा, सिंह सरळ उभे दिसले पाहिजेत. आता वहीचं पान उलटतो तसं आडवं फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसायला पाहिजे. ती आडवी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलेला, त्याला आम्ही डाय रोटेशन म्हणतो. किंचित कललेलं असेल तर सोडून द्या, तेवढं चालतंच, पण काटकोनात फिरलेलं किंवा पूर्ण उलटं असेल तर बाजूला काढा. हे बघायला भिंग नको, काही नको, एक-दोन आठवड्यांत हात आपोआप फिरायला लागतो.

बाकी चुका म्हणजे छाप एका बाजूला सरकलेली, आणि मोकळी जागा चंद्रकोरीसारखी सुटलेली. कडेचा तुकडा गोल कापल्यासारखा नसलेलं, ते पत्रा कापतानाच पहिल्या भोकावर दुसरं भोक पडल्यामुळे होतं. काहीच छाप नसलेली कोरी चकती. आणि लाखी, म्हणजे आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर एका बाजूला नीट छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी आणि आत खोल गेलेली उमटते. लाखी हातात आली की अंगावर काटा येतो, खरंच सांगतो.

पण तितकंच महत्त्वाचं की चुकीचं नाणं आणि खराब केलेलं नाणं यातला फरक. टाकसाळीच्या बाहेर पडल्यावर नाण्याचं जे काही होतं ते चूक नव्हे, ती इजा. रेल्वे रुळावर ठेवून चपटं केलेलं, हातोडीने ठोकलेलं, ग्राइंडरवर घासलेलं, ॲसिडमध्ये टाकून पातळ केलेलं, असलं सगळं बाजारात चुकीचं म्हणून विकलं जातं. खोटी लाखी ओळखायची युक्ती अशी की दोन नाणी शेगडीवर तापवून पान्यात दाबून ती करतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे सिंह चपटे आणि दबलेले होतात. खऱ्या लाखीत एक बाजू अगदी टवटवीत असते.

दहा रुपयांच्या नाण्याबद्दल तर जास्तच जपा. ते दोन भागांचं आहे, बाहेरची पिवळी कडी आणि आतली पांढरी चकती. लोक आतली चकती ठोकून काढतात, उलटी करून परत बसवतात आणि सिंह आणि दहाचा आकडा एकाच बाजूला जुळवलेलं दुर्मिळ नाणं म्हणून विकतात. जोडाच्या रेषेवर भिंग लावा. टाकसाळीत कडी आणि चकती एकाच दाबाने छापली जातात, तिथे धातू एकमेकांत घट्ट बसलेला असतो आणि ओळी कडीवरून चकतीवर सरळ गेलेल्या दिसतात. ठोकून बसवलेल्या चकतीला कडेला ओरखडे असतात, आणि नाणं कानाजवळ हलवलं तर कधी कधी किंचित कुरकुरतं.

---

जर्सीकर_मराठी

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा सोलापूरचा. इथे हा छंद फार मोठा आहे, लोक बँकेतून नाण्यांचे गुंडाळलेले रोल आणतात, सेंटची पेटी असेल तर पन्नास रोल, रोलात पन्नास नाणी, म्हणजे पंचवीस डॉलरला अडीच हजार नाणी. इथे मुख्य शोध चांदीचा. १९६४ पर्यंतच्या दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांत नव्वद टक्के चांदी, आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यात तर १९६५ ते १९७० मध्येही चाळीस टक्के होती. लोक अजूनही ती खर्च करतात, आजोबांचा डबा नातवाने बँकेत भरला की ती पुन्हा फिरायला लागतात. रोलात कडेकडून बघितलं की तांब्याची तपकिरी रेघ नसलेलं, म्हणजे चांदीचं, नाणं पटकन कळतं. आणि २०१९ आणि २०२० मध्ये इथल्या टाकसाळीने डब्ल्यू खुणेची, म्हणजे वेस्ट पॉइंटला पाडलेली, पंचवीस सेंटची नाणी मुद्दाम चलनात सोडली, लोकांनी चिल्लर बघावी म्हणून, प्रत्येक प्रकाराची वीस लाख. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तेव्हा सगळे सुट्टे तपासत होते.

भारतात चांदीची अपेक्षा ठेवू नका हे सांगायला लिहिलं. आपल्याकडे १९४० च्या दशकातच रुपयातली चांदी आधी निम्म्यावर आली आणि मग निकेलचा रुपया आला, १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचाच. त्यामुळे गल्ल्यात चांदी येणार नाही, पण टाकसाळी, धातू आणि स्मारक नाणी यांची जी विविधता आपल्याकडे वापरात फिरते ती मला इथे दिसत नाही. सुट्टीला आलो की भावाच्या मेडिकल दुकानातली चिल्लर मी तासन्‌तास बघत बसतो. चुकलेलं_नाणं साहेब, एक भर, इथली नाणी उलटी असतात, म्हणजे वरून खाली उलटल्यावर सरळ दिसतात, त्यामुळे परदेशी नाणं हातात आलं तर ते डाय रोटेशन समजू नका.

---

स्पष्ट_बोलणार_नागपूर

वैष्णोदेवीच्या नाण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण यात लोकांचे पैसे गेलेत.

ताई, ते नाणं २०१२ चं, श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या पंचवीस वर्षांनिमित्तचं, पाचचं आणि दहाचं दोन्ही निघालं आणि भरपूर निघालं. तुमच्याकडे चार आहेत ना, मग दहा लाखाची गोष्ट चार वेळा कशी खरी असेल? संग्राहकाकडे त्याची किंमत दर्शनी किमतीच्या आसपासच, फार तर अगदी कोरं असेल तर थोडे वर. देवीचं चित्र आहे म्हणून लोक देव्हाऱ्यात ठेवतात, ते ठेवा, त्यात वाईट काही नाही.

फसवणूक अशी चालते. व्हिडिओखाली नंबर असतो, फोन केला की माणूस गोड बोलतो, नाण्याचा फोटो मागवतो, मग सांगतो तुमचं नाणं पास झालं, पंधरा लाख मंजूर, फक्त नोंदणीचे सातशे भरा. भरले की जीएसटी. ते भरले की कुरियरचा विमा. मग रिझर्व्ह बँकेच्या लोगोचं पत्र येतं, त्यावर शिक्का सही सगळं. आमच्या गल्लीतल्या एका शिकलेल्या पोराने असे टप्प्याटप्प्याने पैसे भरले, घरच्यांना सांगेपर्यंत बराच उशीर झाला होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलंय की आम्ही जुनी नाणी-नोटा विकत घेण्या-विकण्याच्या व्यवहारात नाही, कुठलं कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पुतण्याला हे दाखवा. विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून पैसे मागतो का, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा. आणि कोणी पैसे भरलेले असतील तर लाजायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर तितकं बरं.

दहाचं नाणं खोटं म्हणून परत करणारेही अजून भेटतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलंय की तोपर्यंत निघालेल्या चौदाही डिझाइनची दहाची नाणी खरी आणि चालणारी आहेत, रुपयाचं चिन्ह असो वा नसो. चिन्हच मुळात २०१० मध्ये आलं, नाण्यांवर २०११ पासून, मग त्याआधीच्या नाण्यावर ते कुठून असणार. दुकानात कोणी वाद घातला तर हे सांगा, आणि तुम्ही घेत जा, लोक नाकारतात तेव्हाच तुमच्याकडे चांगली स्मारक नाणी येतील, भाभांचं २००९ चं, संसदेच्या साठ वर्षांचं २०१२ चं, बाबासाहेबांचं २०१५ चं, सगळी दहाचीच आहेत.

---

दुकानवाली_कराड

पुतण्याने तो नंबर फोनमधून काढून टाकला, थोडा हिरमुसला पण म्हणाला काकू मग खरी महागाची कुठली ते सांग, त्यालाही आता वही दिलीये, साल, खूण, धातू असे रकाने पाडलेत. चार वैष्णोदेवींपैकी दोन चौकटवाली निघाली, ती त्याने स्वतः भिंगातून ओळखली.

काल काकांनी सांगितलं तसं दुपारी बँकेत गेले. कॅशियर मॅडम म्हणाल्या कोरी कशाला, ही वापरलेली न्या, आमचं कपाट मोकळं होईल, आणि पाचच्या शंभर नाण्यांच्या पाच पिशव्या दिल्या. रात्री दुकान बंद झाल्यावर दोघांनी बसून बघितल्या, आधी चुंबकाने स्टील वेगळं केलं, मग पिवळी आणि पांढरी. भगतसिंगांचं २००७ चं मिळालं, विवेकानंदांचं मिळालं, कोमागाटा मारूचं मिळालं जे काय आहे ते आम्हाला माहितीच नव्हतं, मग पुतण्याने शोधून वाचून दाखवलं की १९१४ मध्ये कॅनडाने परत पाठवलेलं जहाज, ते सगळं ऐकून सासरेही येऊन बसले. एक नाणं फिरवल्यावर मागची बाजू अगदी उलटी दिसतेय, साधं पिवळं पाच रुपयांचं, साल २०१०. फोटो टाकू का?

आणि ठेवायचं कशात? सध्या वेगवेगळ्या झिपलॉक पिशव्यांत आहेत.

---

चुकलेलं_नाणं_कोल्हापूर

टाका टाका! पण फोटो असा काढा, नाणं सिंह सरळ ठेवून एक, मग पानासारखं उलटून अजिबात न हलवता दुसरा, त्याचा छोटा व्हिडिओ केलात तर सगळ्यात उत्तम. पूर्ण उलटं असेल तर वेगळ्या पाकिटात ठेवा आणि इतक्यात कोणालाही देऊ नका.

---

खणखणीत_पुणे

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, पीव्हीसी असेल तर वर्षभरात नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, विशेषतः तांब्या-निकेलवर. पुठ्ठ्याच्या चौकटीत पातळ पारदर्शक खिडकी असलेले होल्डर मिळतात, त्यात एक एक नाणं ठेवा, पिन मारताना नाण्याला लागू देऊ नका आणि पिनांची टोकं पक्कडीने दाबून टाका. पुठ्ठ्यावरच साल आणि खूण लिहा. कराडची हवा पावसाळ्यात दमट, म्हणून डब्यात सिलिकाच्या पुड्या टाका आणि डबा देवघराजवळ नको, कापूर-उदबत्तीचा धूर नाण्यांना सोसत नाही.

पुण्यात कधी आलात तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारा, रविवारी आणि बुधवारी भरतो. विकायला नाही, बघायला जा. तिथे शिवराई, म्हणजे शिवकालीन तांब्याचं नाणं, म्हणून नव्या ओतीव तांब्याच्या चकत्याही दाखवतात, त्या घेऊ नका, पण कोणता व्यापारी नाणं कडेला धरतो आणि कोणता मूठभर उचलून आपटतो हे बघून ठेवा. नाशिकला गेलात तर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे आणि मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं, पुतण्याला दोन्हीकडे नक्की न्या.

---

निवृत्त_कॅशियर_सातारा

मॅडमनी एवढ्या पिशव्या दिल्यात म्हणजे जमलं. आता पुढच्या वेळी जाताना रिकाम्या पिशव्या परत न्या, त्या त्यांना लागतात. आणि दोनची वापरलेली मागा. अकरा कोनांची पांढरी दोनची नाणी अजून कुठे कुठे येतात, ती क्युप्रोनिकेलची आहेत, चुंबकाला लागत नाहीत, त्यामुळे सगळ्या ढिगावर चुंबक फिरवला की जी खाली राहतात तीच नीट बघायची. तुमच्या महाराजांचे दोन रुपये त्यातलेच, पटेल, सुभाषबाबू, अरविंद, रेल्वेचा हत्ती सगळे त्याच आकारात. उलट्या नाण्याचा फोटो मलाही बघायचाय, लवकर टाका.